वाकळ धुण्याचा मान

माझ्या धाकट्या जावेच्या चादरी माझ्या चादरींपेक्षा पांढऱ्या निघतात हे मला गच्चीवर कळलं आणि त्या दिवशी मी दुपारी धड जेवले नाही. आमच्या गच्चीवर दोन दोऱ्या आहेत. एक वरच्या मजल्याची, म्हणजे माझी. दुसरी खालच्या मजल्याची, म्हणजे तिची. कोल्हापूरचं ऊन दोन्ही दोऱ्यांवर सारखंच पडतं आणि साबण आम्ही दोघी एकाच दुकानातून आणतो. तरी तिची चादर दुधासारखी आणि माझी ताकासारखी. मी दोन्ही हातांत दोघींच्या चादरींची टोकं धरून बराच वेळ उभी होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या पोटात दुखाय लागलंय. ओवा खा."

त्याला काय कळणार? डाग काढणं हा आमच्या गल्लीत माझा प्रांत होता. कुणाकडे मटणाची पंगत झाली आणि तांबडा रस्सा पलंगपोसावर सांडला की कापड माझ्या दारात यायचं. मी आधी त्यावर ज्वारीचं पीठ पसरून तेल शोषू द्यायची, मग भांड्यांचा साबण, मग ऊन. लोखंडी खाटेचा गंज लागला तर मीठ आणि लिंबू. रक्त असेल तर गार पाणीच, गरम पाणी घातलं की डाग कायमचा बसला. केळीचा चीक असेल तर मी सरळ हात जोडायची, कारण तो जात नाही आणि जातो म्हणणारा खोटं बोलतो. बायका चकित व्हायच्या, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हे सगळं मला सासूबाईंनी शिकवलं. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. लग्न होऊन मी आले त्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून हळदीचा हात नव्या गादीच्या खोळीला पुसला गेला. मी घाबरून त्यावर साबण चोळला आणि पिवळा डाग क्षणात लालभडक झाला. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच करून बसले. मी मोरीत बसून रडत होते आणि आत्ती दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगं येडे, हळदीला साबण लागला की ती लालच हुती. धू आणि उनात टाक. ऊनच खातंय तिला." संध्याकाळपर्यंत खोळ कोरी झाली. त्या दिवसापासून आत्ती मला घेऊन बसायला लागल्या. डाग दिसला की लगेच पाण्यात बुडवायचं नाही. आधी बघायचा. कडा बघायच्या, कापडाची मागची बाजू बघायची, वास घ्यायचा. डाग कशाचा आहे ते कळलं की निम्मं काम झालं. मी हे इतकं मनावर घेतलं की पुढं पुढं नुसत्या डागावरून कोण कुठं बसून काय खात होतं हे मी सांगायला लागले. नणंदेच्या नवऱ्यानं अंथरुणात बसून गुपचूप जिलबी खाल्लेली मी उशीच्या अभ्र्यावरून पकडली होती. घर हसून लोळलं होतं.

एकदा मात्र कुणी हसलं नाही. आत्तींचे थोरले भाऊ नेसरीहून एका लग्नासाठी आले होते आणि आमच्याकडे मुक्कामाला होते. वय झालेलं, पण माणूस ताठ, धोतर कायम कडक. सकाळी त्यांच्या गादीवर ओल होती. ते म्हणाले, तांब्या कलंडला. मी चादर काढली, उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, हे तांब्यातलं पाणी न्हाय. पाण्याला अशी पिवळी कड येत न्हाय." मला खरंच त्यांना लाजवायचं नव्हतं. मला दाखवायचं होतं की मला कळतं. मामांनी हातातली कपबशी खाली ठेवली, निम्मा चहा तसाच. लग्न दुसऱ्या दिवशी होतं, पण ते त्याच दुपारच्या एस्टीनं गेले. आत्तींनी माझ्या हातातून चादर घेतली, घडी करून काखेत मारली आणि मोरीत निघून गेल्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मामा त्यानंतर तीन वर्षं होते. कोल्हापूरला आले तरी जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मी म्हणायचे, म्हातारपणी माणूस विचित्र होतो.

आता वाकळ. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघालंच पाहिजे. घट बसताना घरात एक चिंधी न धुतलेली राहिलेली चालत नाही. पाच-सहा घरांनी मिळून टेम्पो करायचा, गाद्यांच्या खोळी, चादरी, सोलापुरी, वाकळा यांची गाठोडी टाकायची आणि नदीवर जायचं. वॉशिंग मशीन घरोघरी आली, पण वाकळ मशीनमध्ये मावत नाही, त्यामुळे टेम्पो अजून जातो. आत्तींची वाकळ त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, आठ थरांची. ओली झाली की दोन माणसांना उचलत नाही. ती धुवायचा मान माझा होता. मान हा शब्द मी उगाच वापरत नाही. आत्ती ती कुणाच्या हातात देत नसत. नदीवर पिळताना एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्या एका बाजूला वळवायच्या, मी दुसऱ्या बाजूला, आणि मधून पाण्याची धार पडायची. बावीस वर्षं हे असं चाललं होतं.

मग आत्तींचे गुडघे गेले. जिना चढवेना, म्हणून त्या माझ्याकडून खालच्या मजल्यावर धाकटीकडे राहायला गेल्या. धाकटी कोडोलीची. कमी बोलते, पाय न वाजवता चालते, आणि मला अशी माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत. आत्तींची पेटी, त्यांचा देव्हारा, त्यांची वाकळ, सगळं एका दुपारी माझ्या नाकासमोरून जिन्यानं खाली उतरलं. मी वरून सांगत होते, पेटी भिंतीला घासू नका. कुणी ऐकलं नाही.

सुरुवातीला मी रोज दोनदा खाली जायचे. नंतर माझ्या लक्षात यायला लागलं की आत्तींना माझं जाणं फारसं नको आहे. मी दाराशी आले की त्या आतून म्हणायच्या, "थांब, मीच येतीया भाईर." गुडघे धरत, भिंत धरत बाहेर यायच्या, पण मला खोलीत बसू द्यायच्या नाहीत. खोलीत सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या लावायला लागल्या होत्या. एक नाही, चार-चार. मी म्हणाले, "आत्ती, देवळातबी एवढ्या लावत न्हाईत की." त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" आणि आतून हाक मारायच्या त्या धाकटीला. भल्या पहाटे. मी वर अंथरुणात असायची आणि खालून हाक यायची. माझं नाव नाही, तिचं. लगेच मोरीचा नळ सुरू व्हायचा.

सात वाजता मी गच्चीवर जायचे तर तिच्या दोरीवर आत्तींची चादर वाळत पडलेली. रोज. आठवड्यातून एकदा नाही, रोज एक चादर, आणि ती पांढरीशुभ्र. माझ्याकडे असताना आत्तींची चादर पंधरा दिवसांनी धुतली जायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला वाटलं, ही बया म्हातारीला रोज नवी कोरी चादर अंथरून मला खाली बघायला लावते आहे. गल्लीतल्या बायकांनाही गच्ची दिसते. एक जण मला म्हणालीसुद्धा, "धाकटी लई सेवा करती बगा म्हातारीची. रोजच्या रोज धुणं." मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की बावीस वर्षं सेवा कोण करत होतं. पण मी हसले. असं हसल्यावर जबडा दुखतो.

मी तिच्यामागे लागले. एवढी पांढरी चादर निघते कशानं? एकदा ती बाजाराला गेलेली बघून मी तिच्या मोरीत शिरले. फळीवर खाण्याच्या सोड्याचं भलंमोठं पाकीट आणि व्हिनेगरच्या दोन बाटल्या. ब्लीचिंग पावडर नाही, नीळ नाही. मी त्याच दिवशी सोडा आणि व्हिनेगर आणून माझ्या तिन्ही चादरी भिजवल्या. काही फरक पडला नाही, घरभर लोणच्यासारखा वास मात्र सुटला. तिला विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "काय न्हाय अक्का. असंच आपलं." मला ते 'असंच आपलं' इतकं लागलं की मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. माझ्या सासूनं तिला काहीतरी शिकवलं आहे, जे मला शिकवलं नाही, अशी माझी खात्री झाली. ज्या बाईला उशीच्या अभ्र्यावर जिलबी दिसते, तिला सोडा, व्हिनेगर, उदबत्त्या आणि रोजची एक चादर यांची बेरीज करता आली नाही. मत्सरानं डोळे जातात म्हणतात तसे माझे गेले होते. नाकही गेलं होतं.

त्या वर्षी घट बसायच्या आधीच्या रविवारी टेम्पो ठरला. मी आदल्या संध्याकाळी खाली गेले आणि नेहमीसारखी म्हणाले, "आत्ती, वाकळ काढून ठेवा. सकाळी न्हेतो."

आत्ती पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "वाकळ धाकटी धुईल. तू हात लावू नगंस."

"का? मी काय केलंय?"

"सांगितलं न्हवं. हात लावू नगंस."

मी वर आले. रडले नाही, पण भाजीत मीठ दोनदा पडलं आणि ते मी कुणाला बोलू दिलं नाही.

सकाळी टेम्पोत धाकटी एक गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. बाकीची गाठोडी खाली पायाशी, हे एक मांडीवर. वरून जुनी चादर गुंडाळलेली आणि तिला दोन गाठी. मी समोर बसून सगळा रस्ता त्या गाठींकडे बघत होते. नदीवर पोचलो. पाऊस सरत आलेला, पाणी निवळलेलं, बंधाऱ्याच्या खाली दगडांवर निम्मं कोल्हापूर धुणं घेऊन बसलेलं. आमच्या बायकांनी जागा धरली. धाकटी मात्र गाठोडं उचलून लांब, अगदी टोकाच्या दगडाकडे निघाली. तिथं कुणी नव्हतं. मला वाटलं, बघा, आता ही एकटीनं धुवून, एकटीनं पिळून घरी जाऊन सांगणार, मी एकटीनं केलं.

मी उठले, तरातरा गेले आणि तिच्या हातातून गाठोडं ओढलं. "आण हिकडं. बावीस वर्षं मी धुतलीया."

"अक्का, नगा," ती म्हणाली. "अक्का, पाया पडतो, नगा."

ती एवढं बोलली यानंच मला जास्त चेव आला. मी गाठोडं घेऊन आमच्या बायकांच्या मधोमध आले, दातांनी गाठ सोडली आणि वाकळ दगडावर पसरली.

डाग वाचायला काही वेळ लागला नाही. पिवळसर तपकिरी कडा, एकात एक, एकावर एक. जुनी कड वाळल्यावर तिच्यात नवी, नवीच्या बाहेर आणखी एक. मधोमध कापड धुवून धुवून पांढरं पडलेलं. म्हणजे वरच्यावर धुतलं होतं, पण आठ थरांतून रोज काही निघत नाही. मी वाकले, तेव्हा सोडा आणि व्हिनेगरच्या खालचा खरा वासही आला. चादरी, उदबत्त्या, पहाटेची हाक, दारातच "थांब, मी येतीया", सगळं एकदम माझ्यासमोर दगडावर पसरलं. आणि त्या सगळ्याच्या मागे मामांची निम्मी भरलेली कपबशी.

धाकटी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. शेजारच्या दगडावरची बाई धोपाटणं थांबवून बघत होती. गल्लीतलीच ती, धाकटीची सेवा मला ऐकवणारी, गच्चीवरच्या चादरी मोजणारी. "वैनी, कसला वो डाग? तुमाला तर बघूनच कळतंय की."

सगळ्यांनी माना वळवल्या. माझ्या उत्तराची त्यांना सवय होती, मलाही होती.

"चहाचा," मी म्हणाले.

"एवढा? कप सांडला का पातेलं?"

"पातेलं. माझ्याच हातनं."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, दुसऱ्याचं डाग काढणाऱ्या बाईनंच डाग पाडला बघा. मीही हसले. वाकळ लगेच पाण्यात बुडवली. डाग आधी नीट बघावा, मग पाण्यात घालावा हा नियम मी त्या दिवशी मोडला.

नंतर टोकाच्या दगडावर आम्ही दोघींनी ती धुतली. साबण लावला, तुडवली, पुन्हा लावला. मग मी विचारलं, "कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

तिनं वाकळ उलटी केली आणि पुन्हा साबण घेतला. "आत्तींनी शपत घातलीया. म्हणाल्या, थोरलीला कळलं तर मीबी भावासारखी दुपारची एस्टी धरीन."

मामांच्या त्या चादरीबद्दल आत्ती एवढ्या वर्षांत मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटत होतं, त्या विसरल्या. आणि खरं सांगते, तेव्हाही, लाजेनं जीव जात असताना, मला धाकटीचा हेवाच वाटला. आत्तींना आपली सगळ्यात मोठी लाज जिच्या हातात द्यावीशी वाटली ती मी नव्हते. मला शिकवलेलं सगळं मला येत होतं, म्हणूनच मी नव्हते.

पिळताना मी एक टोक धरलं आणि तिनं दुसरं. आम्ही दोघींनी एकाच बाजूला पीळ घातला, वाकळ नुसतीच गोल फिरली. मग तिनं बाजू बदलली.

संध्याकाळी मी वाकळ घडी घालून खाली घेऊन गेले. माझ्याआधी गच्चीवरच्या चादरी मोजणारी बाई येऊन चहाच्या डागाचं सांगून गेली होती. आत्ती पडवीत होत्या. त्यांनी वाकळ मांडीवर घेतली, मधल्या भागावर हात फिरवला. डाग सगळा गेला नव्हता. फिकट कड राहिली होती, ती राहणारच. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. कडा कशा बघायच्या हे मला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे मला काय दिसलं असणार हे त्यांना माहीत होतं.

"च्या कधी सांडलास गं?"

"मागच्या महिन्यात, आत्ती. तुमी झोपला हुता."

मग त्यांनी वाकळ माझ्या अंगावर जवळजवळ फेकली. "ध्यान न्हाय तुझं. पयल्यापासनंच न्हाय. आत टाक खाटंवर."

कित्येक महिन्यांनी मी त्या खोलीत पाय टाकला. वाकळ खाटेवर पसरली, डाग पायथ्याशी येईल अशी फिरवली, आणि बाहेर आले.

आता पहाटे धुतलेली चादर धाकटी बादलीत घालून जिन्याच्या वळणापर्यंत आणते. तिथून मी नेते आणि माझ्या दोरीवर, माझ्या चादरींच्या मध्ये वाळत घालते. गल्लीतून बघणाऱ्यांना दोन्ही दोऱ्यांवर सारखंच धुणं दिसतं. आत्तींना हे माहीत नाही, किंवा आहे आणि त्या बोलत नाहीत. सोडा आणि व्हिनेगर मी आणून धाकटीच्या मोरीत ठेवते.

हाक मात्र अजून तिलाच असते. मी हाक यायच्या आधीच जागी होते, वर अंधारात ऐकत पडते. एक दिवस खालून माझं नाव येईल म्हणून.